माडाखालचा नवरा

रत्नागिरीच्या माणसाने सुट्टीला जायचं कुठे, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. अख्खा महाराष्ट्र सुट्टीला आमच्याकडे येतो, भाट्याच्या वाळूत पोरं लोळवतो आणि जाताना आमच्याच दारात गाडी आडवी लावून नारळपाणी पितो. आम्ही मात्र गेल्या तीस वर्षांत कुठे गेलो असू, तर लग्नाला, बाराव्याला आणि डॉक्टरकडे. त्यामुळे नाटे गावाच्या पुढे खाडीत एक जुवा आहे, तिथे आपण तिघींनी चार दिवस राहायला जायचं, तेही नवऱ्यांना न घेता, असं धाकटीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी तिच्यावर ओरडले आणि मग माळ्यावरून बॅग काढली.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. चहूबाजूंनी पाणी, काठाला तिवरांची दाटी, मध्ये माड आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी घरं. जायचं तर तरीतून, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीतून. तरीवाला एकच, आणि कोण कधी आलं नि कोण कधी गेलं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

तिघी म्हणजे आम्ही बहिणी. ताई खेडला असते. ती शाळेतून निवृत्त झाली, पण समोरचा खोटं बोलला की तिची उजवी भुवई अजून आपोआप वर जाते. धाकटी डोंबिवलीला असते आणि मनात आलेली गोष्ट फोनवर टाकल्याशिवाय तिला घास गिळत नाही. मी मधली. रत्नागिरीत कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांच्या फिर्यादी आणि जबाब मशीनवर ठेवताना मी वाचते. वाचू नयेत हे कळतं, तरी वाचते. त्यामुळे गुन्ह्यांमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता.

ज्या घरात उतरलो ते एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. आम्ही त्यांना लगेच चाचा आणि चाची म्हणायला लागलो. चाचा धक्क्यावर घ्यायला आले होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी. जन्मभर बोटीवर काम केलेलं, त्यामुळे आमच्या तिन्ही बॅगा त्यांनी एका खेपेत उचलल्या. बोलले काहीच नाहीत. आमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. बॅगा खोलीत ठेवल्या, माठात पाणी आहे का ते पाहिलं आणि बाहेर गेले.

चाची बोलायला बसली ती मात्र चहा निवेपर्यंत बोलली. "तुमी पयलेच पावणे आमचे," ती म्हणाली. "मुलगा कतारला हाय. तो म्हनतो, आता बास झालं, म्हातारी माणसं बेटावर नकोत. रत्नागिरीत ब्लॉक घेऊन ठेवलान आमच्यासाठी. तिसऱ्या माळ्यावर. मी तिथं काय करू? खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी बघू?" मग तिने पदर सारखा केला आणि खरं ते सांगितलं. घरात पाहुणे ठेवायचे ही तिची कल्पना. मुलाने मे महिन्यापर्यंतची मुदत दिली होती. बुकिंग त्याच्या फोनवर दिसायचं. पाहुणे येताहेत आणि खूश होऊन जाताहेत असं दिसलं तर राहा, नाहीतर घराला कुलूप. "तेव्हा बाय, काय कमी पडलं तर मला सांगा," ती म्हणाली. "लिहू नका कुठं."

आम्ही तिघींनी एकदमच तिला शब्द दिला. तो आम्ही किती पाळला ते पुढे येईलच.

त्या संध्याकाळपासून चाचा दिसले नाहीत.

पहिल्या संध्याकाळी आम्हाला काहीच वाटलं नाही, कारण आम्ही भानावर नव्हतो. नवरे नाहीत, सासवा नाहीत, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. आम्ही मॅक्सी घालून खाडीत उतरलो. ताई, जी खेडमध्ये भाजी आणायलासुद्धा इस्त्रीची साडी नेसून जाते, ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आमच्यावर पाणी उडवत होती. न्हाऊन केस मोकळे सोडून आम्ही परसात खाटेवर पसरलो आणि गाण्यांच्या भेंड्या लावल्या. धाकटी सूर सोडून गाते आणि मी शब्द सोडून. हसून हसून ताईच्या बरगडीत चमक भरली आणि बरगडी धरूनही ती हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने सहज विचारलं, "चाचा दिसत नाहीत?"

"नाट्याला गेलेत. जाळ्याचं काम निघालं," चाची म्हणाली आणि चुलीकडे वळली. ताईची भुवई वर गेली.

तासाभराने मी विचारलं, तर मला कळलं की ते पुतण्याकडे गेलेत. धाकटीने विचारलं, तर तिला कळलं की त्यांना जरा बरं नाही, आत झोपलेत. आम्ही तिघी माडाखाली जमलो आणि तीन जबाब एकमेकींसमोर ठेवले. तिन्हीत तफावत. माझ्या अंगात कोर्टासमोरची पंचवीस वर्षं संचारली.

"तरीवाल्याला विचारा," मी म्हटलं. धाकटी धक्क्यावर पळाली आणि धापा टाकत परत आली. तरीवाल्याने शपथेवर सांगितलं होतं की चाचा कालपासून तरीत बसलेले नाहीत. म्हणजे माणूस बेटावरच होता. आणि बेट ते केवढं, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जाईल.

मग पुरावे आपोआप सापडायला लागले. चाचांच्या वहाणा पायरीवर. चष्मा ओटीवरच्या कोनाड्यात. मोबाइल खिळ्याला टांगून चार्जिंगला लावलेला. "माणूस चष्म्याशिवाय जाईल, वहाणांशिवायही जाईल," धाकटी म्हणाली, "पण मोबाइल सोडून कोण जातं?" तिच्या दृष्टीने खटला तिथेच संपला होता. त्यात परसातल्या एका माडाच्या बुंध्याशी माती ताजी उकरून पुन्हा दाबलेली होती आणि तिथून वास येत होता. माडाच्या मुळाशी मासळीचं खत घालतात, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून माहीत. आमच्या आईने जन्मभर तेच केलं. पण माणूस एकदा तर्काला लागला की त्याला नेमकं माहीत असलेलंच आठवत नाही. आम्ही तिघी त्या मातीकडे बघत उभ्या राहिलो आणि कुणीच पुढे पाऊल टाकेना.

सगळ्यात संशयास्पद होता तो डबा. चाची दिवसातून तीनदा दोन कप्प्यांचा डबा फडक्यात बांधून तिवरांच्या दिशेने जायची आणि रिकामा घेऊन यायची. ताईने विचारलंच. "मांजरांना टाकते," चाची म्हणाली.

"तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि वर चिरलेला कांदा," ताई आम्हाला खोलीत येऊन म्हणाली. तिने डब्यात डोकावून घेतलं होतं. "कांदा कुठलं मांजर खातं ग?"

दुपारभर आम्ही चटईवर पडून सिद्धांत मांडले. माझा सिद्धांत खुनाचा होता. चाचीच्या मनगटात जोर होता, ती एका फटक्यात नारळ सोलायची, ते मी पाहिलं होतं. खून होऊन डबा कुणाला जातो, या ताईच्या शंकेला मी उत्तर दिलं, साथीदाराला. ताईचा सिद्धांत अबोल्याचा होता. तिच्या मते नवरा-बायकोत जुनं भांडण होतं आणि पाहुणे येताच नवरा रुसून रानात बसला होता. तिचा स्वतःचा नवरा एकदा मेहुणीच्या लग्नात असाच माळ्यावर जाऊन बसला होता, म्हणून तिला तसं सुचलं. ती मेहुणी म्हणजे मी. धाकटीचं म्हणणं असं की, चाचा मुलाला भिऊन लपलेत. ब्लॉकमध्ये जायचं नाही, म्हणून मे महिना उलटेपर्यंत ते तिवरांतच राहणार. तिने चाचा तिसऱ्या माळ्याच्या खिडकीतून गळ टाकून बसलेत असा अभिनय करून दाखवला. मी चटईवरून गडगडत भिंतीला लागले. ताईने उशी तोंडावर दाबली, पण तिचं पोट हलताना दिसत होतं. इतकं मी कधी हसले होते ते आठवू गेले, तर लग्नाआधी, एवढंच आठवलं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने. घराच्या पायरीवर थोडी रेंज यायची. तिने तिथे बसून वहाणांचा फोटो काढला आणि आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या मालकीणबाईंनी नवरा गायब केला आहे. वहाणा पायरीवर, चष्मा कोनाड्यात, मोबाइल खिळ्याला आणि माणूस बहुतेक माडाखाली. तपास चालू." पुढे हसून लोळणारे दहा-बारा चेहरे. आम्हाला ते भारी वाटलं. मी तर वर 'पंचनामा बाकी' असं जोडलं.

आता आमची राजापूरची मामेबहीण फार व्यवस्थित बाई आहे. तिला फापटपसारा आवडत नाही. तिने मजकूर पुढे पाठवताना ते हसणारे चेहरे तेवढे काढून टाकले आणि आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकला. भिशीतल्या एकीचा भाऊ कतारला. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही चार घरांत विचारा, एक जण आखातात सापडतो आणि तो उरलेल्या सगळ्यांच्या गावाला ओळखत असतो. दुपारची जेवणं उरकून आम्ही हात धूत होतो, तोवर तो फोटो कतारला पोचला होता. मुलाने वहाणा ओळखल्या. गेल्या खेपेला त्यानेच आणल्या होत्या.

चाचीचा फोन वाजला. ती पायरीवर बसली आणि तिने फोन समोर धरला. पलीकडे मुलाचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, डोक्यावर कामावरचं पिवळं हेल्मेट. "अब्बा कुठेत?" त्याने विचारलं.

"हैत."

"दाखव."

"येतील. जरा बाहेर गेलेत."

"आई, अब्बांना दाखव. आत्ता." त्याचा आवाज फाटला. तो फोटो कसा आला, लोक त्याला काय काय विचारताहेत, हे तो भराभरा सांगत होता. राजापूर ते कतार या वाटेत गोष्टीला पोलीस आणि कुत्रं येऊन मिळालं होतं. चाचीने एकदा फोनकडे पाहिलं आणि एकदा आमच्याकडे. तिला समजलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती अवघडली.

"बाय," ती आम्हाला म्हणाली, "तुमी तिघी जरा खोलीत जाता काय? ह्यांना बोलावते."

"आम्ही कशाला खोलीत?" ताई म्हणाली.

"तुमी असताना ते घरात येनार नायत."

मग तिला सांगावंच लागलं. तिच्या सासूच्या वेळेपासून त्या घरात रीत होती. परक्या बायका मुक्कामाला आल्या की घरातल्या पुरुषांनी बाहेर पडायचं. बायकांना न्हायचं असतं, केस सोडून बसायचं असतं, पाय पसरायचे असतात. परका पुरुष समोर असला की त्यांना पदर सोडवत नाही. म्हणून चाचा पहिल्याच संध्याकाळी उठून गेले होते. तिवरांपलीकडे त्यांची जुनी होडी बांधलेली असते, तिच्यात. चिखलातून जायचं म्हणून वहाणा ठेवल्या होत्या, भिजू नये म्हणून मोबाइल ठेवला होता. आणि चष्मा वाचायचा होता, होडीत वाचायला काही नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो स्वतःचाच असल्याने कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"सांगितलं असतं तर तुमी 'नको नको' केलं असतंत," चाची म्हणाली. "पावण्यांना 'नको' म्हनायला लावायचं, मग तो पावनचार कसला?"

आम्ही खोलीत गेलो नाही. ताईने ओढणीसारखा टॉवेल डोक्यावर घेतला, आम्हालाही घ्यायला लावला आणि चाचीला म्हणाली, "बोलवा." चाचीने तिवरांकडे तोंड करून हाक घातली. थोड्या वेळाने चाचा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रिकामा डबा. आम्हाला पाहून ते कुंपणाशीच थांबले आणि अर्धे पाठमोरे झाले. दोन रात्री उघड्यावर काढून त्यांना खोकला झाला होता. चाचीने लांबूनच फोन त्यांच्याकडे वळवला.

 मुलगा जो बोलत सुटला तो थांबेना. या वयात होडीत झोपायचं, पाहुण्यांसाठी, आणि त्याच पाहुण्यांनी गावभर तुम्हाला पुरलेलं सांगायचं. "बास झालं. बंद करा. मी सुट्टी काढून येतो आणि कुलूप लावतो." चाचीच्या हातातला फोन खाली आला. ती पदराने पायरी पुसायला लागली.

 पहिल्या दिवशी या बाईने आमच्यापाशी एकच गोष्ट मागितली होती, आणि आम्ही ती हसता हसता मोडली होती. धाकटी रडायला लागली. ताई पुढे झाली, फोन घेतला आणि वर्गात उभं राहून कबुली द्यावी तशी म्हणाली, "बाळा, चूक आमची आहे. तुझ्या आईने आम्हाला माहेरासारखं ठेवलं. आम्ही मूर्खपणा केला." 

तेवढ्यात चाचा बोलले. तीन दिवसांत आम्ही त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. अजून ते पाठमोरेच होते. "तूच म्हनला होतास ना, पावणे खूश हैत काय ते बघू?" ते म्हणाले. "ह्या तिघी हसतात ते मला होडीत ऐकू येतं. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत. आणखी काय बघायचा तुला?"

मी आयुष्यात पुष्कळ मोठ्या आवाजात हसले आहे आणि दर वेळी कुणीतरी 'हळू' म्हटलं आहे. वडील म्हणाले, भाऊ म्हणाला, नवरा तर अजून म्हणतो. आमच्या हसण्यासाठी घर मोकळं करून चिखलात जाऊन बसलेला आणि ते लांबून ऐकून समाधान पावलेला माणूस मला पन्नाशी ओलांडल्यावर भेटला, आणि मी त्याला माडाखाली पुरून मोकळी झाले होते. मला भयंकर लाज वाटली आणि तितकंच भरून आलं.

मुलगा म्हणाला, बघतो. फोन बंद झाला. आम्ही चाचांना विनवलं की आता घरातच राहा, आमची काही हरकत नाही. ते "बरं" म्हणाले. चिखल धुवायला विहिरीवर गेले. पाच मिनिटांनी पाहिलं तर वहाणा पायरीवर होत्या आणि चाचा नव्हते. ताई पायरीवर बसून हसायला लागली, मग चाचीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मुलाचा निर्णय कळला नव्हता. तरीत बसताना चाचीने आमच्या प्रत्येकीच्या हातात दोन-दोन नारळ दिले आणि 'परत या' असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

सव्वा महिन्याने दुकानात असताना तिचा फोन आला. माझ्या हातात कुणाचं तरी खरेदीखत होतं, ते तसंच मशीनवर राहिलं. "राहिलं गो बाय घर," ती म्हणाली. "मे महिन्यापर्यंत जवळजवळ सगळं भरलंय. मुलगा म्हनाला, आता नाय बोलत काय."

भरवलं होतं आमच्याच मूर्खपणाने. खरी हकीकत कळल्यावर राजापूरची ती अख्खी भिशी जुव्यावर जाऊन आली होती. त्यांच्या तोंडून ऐकून महिला मंडळं, शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त नर्सांचा एक गट, सगळ्या बायकाच बायका. नवऱ्याने बायकांसाठी घर सोडलं ही गोष्ट गावोगाव पोचली होती आणि जी ती म्हणत होती, मला त्या घरात चार दिवस राहायचंय. मी आनंदाने दुकानातच ओरडले. गिऱ्हाईक दचकलं.

"चाचा कसे आहेत?" मी विचारलं.

 "होडीत," ती म्हणाली. "मुलाला फोनवर 'बरं' म्हनतात आनी होडीत जातात. एक पार्टी सकाळी जाते, दुसरी दुपारला येते. घर राहिलं माझं, पन मानूस काय घरात दिसत नाय. सव्वा महिना डबाच नेतेय. एक काम करशील माझं?"

"सांगा की."

"पुढल्या महिन्यात चार दिवस रिकामे हैत. मी रिकामे ठेवले तर मुलाला फोनवर दिसतील. तुमी तिघींच्या नावावर बुकिंग टाका."

"टाकते. येतोच आम्ही," मी म्हटलं. मी मनातल्या मनात बॅग भरायलासुद्धा घेतली होती.

"नको," चाची म्हणाली. "टाका, पन येऊ नका. चार दिवस ते माझ्यासमोर बसून जेवतील."

समोरचं गिऱ्हाईक खरेदीखतासाठी हात पुढे करून उभं होतं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि आधी ते बुकिंग टाकलं.